चमचा आपापला आणावा

परवा खराडीच्या एका मोठ्या दुकानात च्यवनप्राशाचं अख्खं कपाट दिसलं. चॉकलेटच्या चवीचा, आंब्याच्या चवीचा, बिनसाखरेचा, आणि एक तर चक्क पिळून काढायच्या ट्यूबमध्ये. मी ती ट्यूब हातात घेऊन उभी राहिले आणि मला एकदम हसू आलं, कारण गजभिये बाई इथे असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं. "दातांना लावायचं की टाचांना, तेवढं लिहा म्हणावं." शेजारी उभ्या असलेल्या मुलीने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. मी ट्यूब जागेवर ठेवली आणि पोहे घेऊन घरी आले.

डॉ. सुशीला गजभिये. पदवीने आयुर्वेदाच्या डॉक्टर, जन्माने नागपूरकडच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे खडकीच्या आणि शेवटी आमच्या विश्रांतवाडीच्या. यजमान दारूगोळा कारखान्यात होते. तिथल्या मंडळींनी क्वार्टर सोडायच्या आधी एकत्र येऊन आमची सोसायटी बांधली. साहेबांना वरचा मजला हवा होता, वारा येतो म्हणून. बाईंनी तळमजल्याचं, मागे फरशीचं अंगण असलेलं घर घेतलं. "वारा खाऊन पोट भरत नाही. मला चूल मांडायला जागा पाहिजे," असं त्या म्हणाल्या आणि विषय संपला. साहेब निवृत्तीनंतर फार दिवस राहिले नाहीत. मुलगी प्रज्ञा इंजिनियर झाली, लग्न करून खराडीला गेली. बाई अंगणाजवळ राहिल्या. आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून, आणि दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेएवढी दुसरी भिंत.

पाट्या लावायचा मक्ता आपल्याकडेच आहे असं आम्हा पेठेतल्या लोकांना वाटतं. मी माहेरची पेठेतली. पण बाईंच्या अंगणाच्या दारावरची पाटी वाचली आणि मी मनातल्या मनात हात जोडले. 'चाटण घरी मिळणार नाही. चमचा आपापला आणावा. चाटल्यावर बोलू नये.' नागपूरच्या माणसाने पुण्यात येऊन पुण्याला लाजवावं, असा तो मजकूर होता.

चाटण म्हणजे औषधी वनस्पतींचा काढा साखरेच्या पाकात आटवून केलेला घट्ट गोड लेप. शास्त्रातला शब्द अवलेह. बाई थंडीत आवळ्याचं करायच्या, उन्हाळ्याच्या तोंडाशी कोहळ्याचं, आणि सोसायटीच्या कुंपणाला अडुळसा फुलला की खोकल्यासाठी त्याचं. आधी, खडकीला असताना, त्या बरण्या भरून घरी द्यायच्या. मग एकदा एका पेशंटच्या घरी गेल्या तर त्याची मुलं चाटण पोळीला फासून डब्यात नेताना दिसली. दुसऱ्या एका गृहस्थांनी आठवड्यात बरणी फस्त करून गुण आला नाही अशी तक्रार केली. तिसऱ्या घरी बाईंचंच चाटण बाईंनाच बशीत घालून पुढे ठेवलं, "घ्या ना, घरचंच आहे" म्हणून. त्या दिवशी संध्याकाळी पाटी रंगवायला गेली.

ती पाटी बाईंबरोबर इथे आली आणि थंडीच्या सकाळी त्यांच्या अंगणात माणसं जमायला लागली. कानटोप्या, स्वेटर, हातात आपला चमचा. कुणी चांदीचा आणायचं, कुणी आइस्क्रीमचा लाकडी. चूळ भरायची, पाटावर बसायचं, चमचा पुढे करायचा. बाई वाडग्यातून त्यांना हवं तेवढंच घालायच्या, आणि मग ते जिभेवर विरघळेपर्यंत गप्प बसायचं. पाणी नाही, गप्पा नाहीत. इतकी पुणेरी माणसं एका जागी इतका वेळ गप्प बसलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. बाई त्या वेळात प्रत्येकाचा चेहरा बघायच्या. "तोंडाने माणूस काहीही सांगते बाप्पा," त्या मला म्हणायच्या. "घास गिळताना खोटं बोलता येत नाही."

सगळ्यांनाच चाटण मिळायचं असंही नाही. साखरेचा आजार असलेल्यांना त्या सरळ परत पाठवायच्या. "तुम्हाला चमचा नाही. तुम्हाला चालणं. आळंदी रस्त्याने निघा आणि दमलात की परत या." एकदा कोणी तरी फार कौतुकाने विचारलं, हे खाऊन म्हातारे ऋषी तरुण झाले होते ना? बाई म्हणाल्या, "ऐकलं मीही. मी अजून कोणाला केलं नाही. खोकला कमी केलाय."

माझे सासरे, अण्णा, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते. जुना खोकला आणि जुना स्वभाव, दोन्ही न जाणारे. आयुष्यात त्यांनी कुणाला चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. माझ्या लग्नातलं जेवण त्यांना 'खाण्याजोगं' वाटलं होतं, आणि ती आमच्या घराण्यातली सर्वात मोठी शाबासकी समजली जाते.

या दोघांची ओळख कशी झाली ते सांगायलाच हवं. बाई नव्याने राहायला आल्या होत्या. अंगणात कल्हईचं मोठं पातेलं चढवलं होतं. आवळे काढ्यात उकडून, बिया काढून, गर फडक्यातून घासून झाला होता. तो तुपात परतून पाकात पडला होता. हातात लाकडी कालथा घेऊन बाई घोटत होत्या आणि मोठ्याने श्लोक म्हणत होत्या. तोंडाने औषधांची नावं चालली की हात चुकत नाही, अशी त्यांची पद्धत. अण्णा आमच्या अंगणात पेपर वाचत होते. ते उठले, भिंतीपाशी गेले आणि ओळख ना पाळख, म्हणाले, "अहो, दुसऱ्या ओळीत आपण एक शब्द खाल्लात."

मी आत कपाळाला हात लावला. बाईंचा कालथा थांबला नाही. "कोणता?"

"ते मला ठाऊक नाही. हा श्लोक मी आजच ऐकतोय. पण चाल अडखळते तिथे. पाच अक्षरांची जागा मोकळी राहते."

बाईंनी पुन्हा म्हटलं. पुन्हा तिथेच अडखळल्या. मग त्यांनी चुलीशेजारच्या डब्यांकडे नजर टाकली, आणि एक डबा उघडलाच नव्हता. "नागकेशर," त्या म्हणाल्या. अण्णांनी बोटांवर अक्षरं मोजली. "बसतं," म्हणाले आणि पेपर वाचायला गेले. नागकेशर हे झाडाचं नाव की कुठल्या हत्तीचं, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

मी संध्याकाळी माफी मागायला गेले. नव्या शेजारणीला, आणि तेही संस्कृतावरून टोकलेलं. मला ते फार लागलं होतं. बाई आवळ्याच्या बिया वाळत घालत होत्या. "माफी कायले? चूक होती, सांगितली. मीनाताई, माझ्या आजोबांना शाळेच्या पडवीतसुद्धा उभं राहू देत नव्हते. हे कानावर पडलं असतं तर मार खाल्ला असता त्यांनी. आणि मला एक सर भिंतीवरून वाकून सांगून राहिले, की बाई, एक शब्द राहिला. मी वाईट वाटून घेऊ?" मग बिया पसरत म्हणाल्या, "माझ्या बापाने छपन्न साली दीक्षा घेतली तेव्हा ते लहान होते. मला आयुर्वेदाला घातलं तर आमचे लोक त्यांना म्हणाले, पोरीला हे पोथ्यापुराणातलं कशाला? ते म्हणाले, ज्याच्यापासून आपल्याला लांब ठेवलं ते तिला जवळून बघू द्या. खरं किती अन् खोटं किती, ते ती ठरवेल."

हे 'खरं किती अन् खोटं किती' मी पुढे त्यांच्या तोंडून सतत ऐकलं. भाजीवाल्यापासून टीव्हीवरच्या जाहिरातीपर्यंत आणि स्वतःच्या शास्त्रापर्यंत त्या हाच एक सवाल घेऊन जायच्या. मला त्यांच्याबद्दल जे प्रेम वाटतं त्याचं मूळ बहुधा इथेच आहे. मी शिकवण्या घेते, गणिताच्या. पडताळा घेतल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारायची नाही हे मुलांना सांगून माझा घसा सुकतो. बाई तसं जगायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चमचा घेऊन अंगणात हजर. चाटण घेतलं, नियमाप्रमाणे गप्प बसले, आणि उठताना म्हणाले, "नागकेशर घालूनही फारसा फरक पडलेला दिसत नाही." बाई इतक्या हसल्या की वाडगा खाली ठेवावा लागला. त्यानंतर दरवर्षी हा सोहळा. पाक कच्चा राहिलाय. पिंपळी हात सैल सोडून पडलीय. वेलची घातलीय की नुसती दाखवलीय? बाई त्यांच्या शेऱ्याची वाट बघायच्या. बाकीचे सगळे "मस्त, मस्त" म्हणत दुसरा चमचा मागायचे, तो त्या द्यायच्या नाहीत आणि त्या कौतुकाकडे लक्षही द्यायच्या नाहीत. अण्णांनी नाव ठेवलं की मात्र पातेल्याशी जाऊन पुन्हा वास घ्यायच्या. डोळे मिटून, पदर खांद्यावर टाकून, दीर्घ. शेवटचा निकाल नेहमी नाकाचा. हाताला कळतं, डोळ्याला कळतं, पण नाकाला सगळ्यात आधी कळतं, असं त्या म्हणायच्या.

या नाकाचा प्रताप मी एकदा पाहिला. लोहगावकडचे पोपटराव म्हणून एक शेतकरी गृहस्थ दम्यासाठी त्यांच्याकडे यायचे. मध्ये काही दिवस दिसले नाहीत. मग एका सकाळी आले ते हातात प्लास्टिकचा डबा घेऊनच. "म्याडम, राग मानू नगा. पर एका बाबाचं चाटन घेतलं. दोन दिसांत दम गेला बघा. तुमचं लई हळू हाय."

बाईंनी डबा उघडला, वास घेतला, करंगळीचं टोक लावून जिभेवर ठेवलं आणि लगेच थुंकून टाकलं. मग त्या पोपटरावांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "चेहरा कधीपासून असा झाला?"

"आंग धरलंय म्याडम. समदी म्हंत्यात, पोपटराव, तब्येत सुधारली."

"तब्येत नाही, सूज आहे. यात कुणी तरी स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात. वनस्पती इतक्या घाईत काम करत नाहीत." पोपटरावांनी डबा तिथेच कचऱ्यात टाकायला हात उचलला, तसा बाईंनी तो धरला. "एकदम बंद नाही करायचं. त्याने जिवावर बेतेल. आधी मोठ्या दवाखान्यात चला, हा डबा घेऊन." आणि बाकीच्यांना वाडग्यासह माझ्या स्वाधीन करून त्या त्यांना रिक्षात घालून घेऊन गेल्या. पोपटराव डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू त्यातून सुटले. नंतर अंगणात परत आले तेव्हा बाईंनी पहिलं विचारलं, "पंप आणलाय?" आणि दाखवल्याशिवाय चमच्यात काही घातलं नाही. आधी पंप, मग चाटण. दम्याच्या माणसाला त्यांनी कधी पंप सोडायला सांगितलं नाही.

मग ती साथ आली. बाई दुसऱ्या लाटेत आजारी पडल्या. प्रज्ञा त्यांना खराडीला घेऊन गेली, पुष्कळ दिवस दवाखान्यात होत्या. परत आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. साथीच्या पहिल्या थंडीत तर कुणी कुणाकडे जातच नव्हतं. त्याच्या पुढच्या थंडीत बाईंनी पातेल्याला कल्हई करून आणली आणि सोसायटीत बातमी पसरली. मी सांगते, इतका आनंद आम्हाला लसीचासुद्धा झाला नव्हता.

मी आवळ्याचा गर घासायला गेले होते. बाई बसून बसून करत होत्या, पण हात तोच. गर तुपात परतायला घेतला तेव्हा माझी शिकवणीची मुलं आली आणि मला उठावं लागलं. त्या दुपारी वर्ग चालू असताना खिडकीतून करपल्याचा वास आला. कुणाचं तरी दूध लागलं वाटतं, असं म्हणून मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे अंगणात. पोपटराव पहिले. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी गिळलं, हात जोडले आणि खाली बघत बसले. मग माझी पाळी आली. करपलेल्या पिठल्याची खरवड साखरेत घोळवावी, तसं लागत होतं. मी वर बघितलं. बाई वाडगा धरून उभ्या होत्या, शाल खांद्यावरून घसरलेली, गळ्याची हाडं वर आलेली, आणि चेहऱ्यावर असं काही, की मला बोलवलं नाही. आजारातून उठून केलेलं हे पहिलं चाटण होतं. बोलायचं नाही हा नियम त्या सकाळी आमच्या पथ्यावर पडला. जाताना जो तो म्हणाला, बाई, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. कुणी गैरहजर राहिलं नाही.

अण्णा ते दोन दिवस सर्दीने घरात होते. तिसऱ्या दिवशी बरे होऊन ते निघाले तेव्हा मी त्यांना दारात अडवलं. "अण्णा, चाटण करपलंय. पण बाई आत्ता कुठे उठून उभ्या राहिल्यात. आज तेवढं काही बोलू नका." अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना व्याकरण सोडायला सांगतेय. पण मान हलवली.

त्यांनी चमचा पुढे केला, चाटलं, गप्प बसले. उठले. तेवढ्यावर निघाले असते तर निभावलं असतं. पण बाई वाट बघत होत्या, आणि अण्णांना वाटलं असावं की काहीतरी बोलायला हवं. "छान," ते म्हणाले. "फारच छान झालंय यंदा."

बाईंनी वाडगा खाली ठेवला.

"काय म्हणालात?"

"छान म्हटलं."

"अण्णा, इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या चाटणाला छान म्हटलं नाही." अण्णा फरशीकडे बघायला लागले. बाईंनी पोपटरावांकडे पाहिलं, मग एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत माझ्यापाशी आल्या. "कोणी दुसरा चमचा पण नाही मागितला यंदा. मीनाताई, काय झालंय त्याला? करपलंय?"

मी हो म्हटलं.

"किती?"

"पुष्कळ."

त्या पेशंटांच्या पाटावरच खाली बसल्या. "मला वास येत नाही," बाई म्हणाल्या. "त्या तापात गेला, तो आलाच नाही. प्रज्ञालाही नाही सांगितलं. वाटलं, येईल. मी हाताने केलं, डोळ्याने केलं. तार बघितली. पाण्यात थेंब सोडला, तो खाली बसला. बोटात दाबलं, बोटाच्या रेघा उमटल्या. सगळं बरोबर आलं. करपलेल्याची पण तार निघते, हे मला माहीत नव्हतं."

पोपटराव चुळबुळले. "आवो म्याडम, व्हतं कदी कदी. करपलं म्हून काय कुनी मरतंय का? आमी रोज खातू घरी."

बाईंना राग आलेला मी त्या दिवशी पाहिला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुम्ही माझी कीव केली. मी आजारी, म्हणून तुम्ही दोन दिवस जळकं गिळलं आणि बरं वाटलं म्हणालात. अहो, मी औषध देऊन राहिली. औषध देणाऱ्याशी कोणी असं वागतं का? आज करपलं ते तुम्हाला कळलं. उद्या तूप जुनं निघेल, एखाद्या डब्यात बुरशी धरेल, ते तुम्हाला साखरेत नाही कळायचं. ते मला कळायला पाहिजे. त्याच्याचसाठी मी इथे उभी असते." आणि मग, कुणाला उद्देशून नाही, "खरं किती अन् खोटं किती. मीच बोलत होते जगाला."

अण्णा पुढे झाले. "डॉक्टरीणबाई, माझं नाक शाबूत आहे. आपण करा, मी वास घेत जाईन. करपलं की सांगेन."

"तुम्ही सांगाल?" बाई म्हणाल्या. एवढंच. त्यात टोमणाही नव्हता, खरोखरचा प्रश्न होता. मग त्याच म्हणाल्या, "रागावू नका अण्णा. पण वास तुमचा आणि औषध माझं, असं नाही होत. काही झालं तर मी कोणाकडे बोट दाखवू?"

पातेलं आम्ही दोघींनी उचललं आणि कुंपणापलीकडच्या खड्ड्यात रिकामं केलं. तिसऱ्या प्रहरी त्यांनी पाटी काढली. स्वतः स्टुलावर चढून, कुणाला हात लावू न देता.

मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता, हे खोटं कशाला बोलू. इतकी माणसं त्यांच्यावर जीव टाकत होती. कुणी वास घेतला असता, कुणी घोटलं असतं, काय बिघडलं असतं? वर्षभर मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. त्या पेशंट तपासत होत्याच, नाडी बघायच्या, जीभ बघायच्या, दुकानातलं औषध लिहून द्यायच्या. थंडी आली आणि सकाळी अंगण रिकामं राहिलं. मी भिंतीपलीकडे बघायचं टाळायची. आता वाटतं, त्यांनी केलं ते योग्यच होतं, आणि योग्य असूनही मला ते अजून सहन होत नाही.

अण्णा तर खचलेच. "आयुष्यात एकदा गोड बोललो, मीना," ते मला म्हणाले. "एकदाच. आणि ते असं अंगाशी आलं." मी हे बाईंना सांगितलं. त्या तशाच उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि अण्णांना हाक मारली. "सर, सगळे दोन दिवस खोटं बोलून राहिले होते आणि मला काही कळलं नाही. तुम्ही बोललात, लगेच कळलं. तुमच्याएवढं वाईट खोटं कोणाला जमत नाही. त्याचे मी उपकारच मानते." अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "'त्याचे उपकार' नव्हे, 'त्याबद्दल आभार' म्हणतात."

शेवटी प्रज्ञाने हट्ट धरला. "मम्मी, एकटीने इथे गॅस लीक झाला तर तुला कळणारही नाही. आय कान्ट स्लीप, सिरियसली." हा मुद्दा बाईंनी मान्य केला. खराडीला उंच मजल्यावर त्या राहायला गेल्या, आणि तिथे प्रज्ञाने त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे नेलं.

मी त्यांना तिकडे एकदाच भेटले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या गेल्या, झोपेतच. मला कळायला उशीर झाला आणि पोहोचता आलं नाही, याची रुखरुख आहे. पण ती भेट मला पुरून उरली आहे.

बाल्कनीत कुंड्या होत्या. तुळस, गवती चहा, ओवा, पुदिना. बाई खुर्चीत बसल्या होत्या, उन्हाकडे पाठ करून. खूपच बारीक झाल्या होत्या, पण नजर तीच. डॉक्टरांनी उपाय सांगितला होता: रोज ठरलेल्या चार गोष्टींचा वास घ्यायचा, आणि घेताना तो वास पूर्वी कसा होता ते आठवायचं. कधी कधी परत येतो म्हणे. बाई पेशंट म्हणूनही शिस्तीच्या. एक दिवस चुकवला नव्हता.

"पण आठवायला कोणी सांगणारं पाहिजे ना," त्या म्हणाल्या. "प्रज्ञाला विचारते, कसा आहे, तर म्हणते, मिंटी. पुदिन्याला पुदिन्याचा वास आहे, हे सांगायला इंजिनियर कायले लागते?" मग गवती चहाचं एक पातं तोडून त्यांनी माझ्या हातात दिलं. "तुम्ही सांगा. घाई नका करू."

मी पातं चुरगळलं. एक अर्धं त्यांच्या नाकाशी धरलं, एक माझ्या. त्यांनी डोळे मिटले.

"लिंबाच्या सालीसारखा," मी म्हटलं. "पण लिंबाचा नाही. आंबट नाही. नखाने साल खरवडल्यावर हाताला राहतो ना, तो."

"हं."

"मग जरा गोडसर. चहाचं आधण उकळलं की पहिली वाफ येते, तसा. आणि सगळ्यात शेवटी गवत. ओलं, आत्ताच कापलेलं. जरासा धारदार."

बाई श्वास घेत होत्या. सावकाश, खोल, पातेल्याशी उभ्या राहून घ्यायच्या तसाच. कपाळावर आठी होती. खाली रस्त्यावर कंपन्यांच्या गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. मी देव मानणारी बाई नाही, पण त्या क्षणी मी ज्याला कुणाला ऐकू जाईल त्याची विनवणी केली.

"आला?" मी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. डोळे त्यांनी उघडले नाहीत. "काहीच नाही आला. पण तुम्ही नीट सांगून राहिल्या. आता ओवा घ्या."

मी ओव्याचं पान खुडलं, बोटांत चुरगळलं आणि सांगायला लागले.